खोलीचं वजन

पडदा वर जातो. समोर दहा बाय बाराची खोली आहे. खिडकी होती, ती विटांनी बुजवली आहे, पण गिलाव्याखालून तिची चौकट अजून उमटून दिसते. मध्यभागी माणसाहून उंच अशी तीन लोखंडी कपाटं, जाळीच्या दारांची. आत एकावर एक रचलेली यंत्रं आणि त्यांच्यावर हिरव्या ठिपक्यांची लुकलुक. भिंतीवर दोन एसी. पंख्यांचा आवाज इतका एकसुरी, की थोड्या वेळाने तो चालू आहे हेच आपण विसरतो. उजव्या विंगेतून एक बाई प्रवेश करते. वय सत्तेचाळीस, फिकट निळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, चपला दाराबाहेर. एका हातात लांबट वही, दुसऱ्या हातात चिमट्यासारखं एक मीटर. कमरेच्या दोऱ्याला एकच चावी.

ही जरिना. स्थळ साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका दूध संस्थेच्या कचेरीचा पहिला मजला. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हेत आणि गोष्ट त्यांची नाही. ही खोली म्हणजे त्यांची सर्व्हर रूम. सकाळी सहापासून गावोगावच्या डेअऱ्यांवर जे दूध येतं, त्याचं माप आणि फॅट तारांमधून इथे येऊन पोचतं. खोली पाच मिनिटं थांबली, तर तिकडे उंब्रजपासून फलटणपर्यंत किटल्या घेतलेली माणसं रांगेत ताटकळतात. एकवीस वर्षं या सगळ्याची राखण जरिनाने केली आहे. मधल्या काळात साहेब सहा झाले, चावी तिच्याकडेच राहिली.

ती चावी मागण्यात आली, त्याची ही हकिगत.

पण त्याआधी चांदसाहेबांना रंगमंचावर आणायला हवं. सांगलीच्या आमच्या नाटक कंपनीत ते लाइट सांभाळायचे. उंच, सडपातळ, कानामागे नेहमी पेन्सिल. विजेच्या लोडला ते लोड म्हणत नसत, वजन म्हणत. कोणता दिवा किती वजनाचा, कोणत्या तारेला किती पेलवेल, सगळं तोंडपाठ. एकदा उंब्रजच्या मैदानात दुपारी मांडामांड चालली होती. जत्रा कमिटीच्या पुढाऱ्याने स्वतःच्या रसवंतीची मोटर आणि दोन कर्णे गुपचूप आमच्या लाइनवर जोडायला माणूस पाठवला. चांदसाहेबांनी चिनी मातीचा फ्यूज उपसला, खिशात टाकला आणि पेटाऱ्यावर जाऊन बसले. पुढारी आला, ओरडला, नाटक होऊ देणार नाही म्हणाला. चांदसाहेब बसल्या जागी एवढंच म्हणत राहिले, "आधी वजन सांगा, मग तार जोडा." दोन तास गेले. शेवटी रसवंतीवालाच मोटरीवरची पट्टी वाचून आला, चांदसाहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि त्याला वेगळी लाइन काढून दिली. त्या पेटाऱ्यावर त्यांच्या शेजारी त्यांची नऊ वर्षांची लेक जरिना रस पीत बसली होती. रस अर्थातच पुढाऱ्याच्या रसवंतीचा.

आणखी एक गोष्ट त्यांची. पहिल्या प्रयोगाआधी नारळ ते स्वतः फोडत, बोर्डाला फूल वाहत. पण हार घालायचा तो दिव्याच्या खांबाला, दिव्याला कधीच नाही. कुणी नव्या माणसाने भक्तिभावाने दिव्याच्या तोंडावर झेंडूची माळ टाकली, की ते ती हळूच काढून खांबाला बांधत आणि म्हणत, त्याला श्वास घेऊ दे.

आमच्या नाटकाच्या जाहिरातीत माझं नाव मोठ्या टायपात असे. चांदसाहेबांचं अगदी तळाला असे, आणि छापखान्यात जागा कमी पडली की पहिलं तेच गळे. मी तेव्हा नायिका होते. नाव कुठे गेलं हे मी एकदाही विचारलं नाही. आज हे लिहिताना तेवढं कबूल करून पुढे जाते.

जरिनाने सांगलीत डिप्लोमा केला. साताऱ्याच्या अजमलशी लग्न झालं. त्याचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो बोलतो कमी, हसतो जास्त. दूध संस्थेत ती कॉम्प्युटरवर पावत्या काढायला म्हणून लागली. मग यंत्रं वाढत गेली, तारांचं जंजाळ झालं आणि कुणीच त्यात हात घालेना, तेव्हा हिने कापडी चिकटपट्टी घेऊन प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नाव लिहायला घेतलं. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी साहेबांनी चावी तिच्या हातात ठेवली.

आता मूळ मुद्दा. गेल्या उन्हाळ्यात खोली तापायला लागली. दोन्ही एसी दिवसभर धापा टाकायचे तरी तापमानाचा काटा खाली येईना. एकदा ऐन सकाळी यूपीएस किंचाळला आणि सगळं बंद पडलं. नवे जनरल मॅनेजर दिग्विजयसाहेब, वय अडतीस, पुण्याला शिकलेले, बोलायला नम्र. त्यांनी पुण्याहून एक कन्सल्टंट बोलावला. तो तासभर फिरला, यंत्रांच्या पाठीवरच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि अहवाल पाठवला की खोलीला मोठा यूपीएस हवा आणि तिसरा एसी हवा.

जरिनाला ते पटलं नाही. पट्टीवर लिहिलेलं असतं ते यंत्र जास्तीत जास्त किती खाईल ते. रोज किती खातं, ते त्याच्या तारेलाच विचारावं लागतं. तिच्याकडे टाँग टेस्टर आहे. तारेभोवती चिमटा लावला की आतून किती अँपिअर जातात ते आकड्यात दिसतं. तिने चार आठवडे, दिवसातून तीनदा, प्रत्येक यंत्राची तार मोजली आणि वहीत लिहिली. निघालं असं की चौदापैकी पाच यंत्रं कुणाचंच काम करत नव्हती, नुसती जागी होती. त्यातलं एकटं एक दिवसाला पंधरा युनिट ओढत होतं. माझ्या सांगलीच्या घराला तेवढी वीज चार दिवस पुरते. वर ते यंत्र जेवढं तापायचं, तेवढं निववायला एसीला राबावं लागे ते वेगळंच.

आणि नेमका तोच दादांचा सर्व्हर.

सुमंतदादा म्हणजे संस्थेचे संस्थापक. अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने त्या यंत्राचं बटण दाबलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "आता हे बंद पडू द्यायचं नाही." पुढे दोन वर्षांनी दादा गेले. काही काळाने त्या यंत्रावरचं सगळं काम नव्या यंत्रांवर हलवलं गेलं. पण बटण दादांनी दाबलेलं, शब्द दादांचा, तेव्हा ते बंद कोण करणार? कपाटावर त्यांचा फोटो लागला. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रपूजेचा पहिला हार त्या सर्व्हरच्या जाळीवर चढू लागला. ती जाळी त्याचं नाक आहे, आतले पंखे तिथूनच हवा ओढतात, आणि हवेबरोबर पाकळ्या, हळद, कुंकू, उदबत्तीची राख.

जरिनाने तीन अर्ज केले. पाचही यंत्रं बंद करू, नवा एसी नको. चार यंत्रांना मंजुरी मिळाली, ती बंद झाली. दादांच्या सर्व्हरच्या अर्जावर मात्र कुणी सही करेना. संचालक म्हणाले, त्यात काय काय असेल कुणास ठाऊक. दिग्विजयसाहेब म्हणाले, ताई, माझ्या कारकिर्दीत हे नको. जरिना त्यांना म्हणाली की त्या दिवशी एक्स्टेन्शन बोर्ड धरून दादांच्या शेजारी मीच उभी होते, आणि दादा कामाबद्दल बोलले होते, पेटीबद्दल नाही. तरीही सही झाली नाही.

तेव्हा तिने मला सांगलीला फोन केला. "मावशी, तो भालदार आठवतो?"

मला चांगला आठवतो. आमच्या एका नाटकात दुसऱ्या अंकात भालदार येऊन ललकारी देऊन जायचा. एकदा फलटणला त्याला ताप आला. बदली नट नव्हता. आम्ही धास्तावलो होतो, पण अंक सुरू झाला, संपला, प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, आणि भालदार आलाच नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या गावापासून ते काम कायमचं गळलं. एवढंच मी तिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली बरं, आणि फोन ठेवला.

नागपंचमीच्या सकाळी, दुधाची वेळ उलटल्यावर, तिने दादांच्या सर्व्हरची नेटवर्कची केबल काढली. विजेला हात लावला नाही. यंत्र चालूच, दिवे लागलेले, पंखे फिरताहेत, फक्त जगाशी त्याचं बोलणं बंद. केबल गुंडाळून शेजारच्या खिळ्याला अडकवली, तिला तारखेची चिठ्ठी बांधली आणि कोण हाक मारतंय याची वाट बघत बसली. परवानगी तिने घेतली नव्हती. तिची चूक म्हणाल तर एवढीच.

खंडेनवमी बुधवारी होती. संस्थेने मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, म्हातारी नटी, शाल-नारळ द्यायला बरी. मुक्काम जरिनाकडे. सकाळी दहाला वजनकाट्यांची पूजा झाली, टँकरची झाली, मग आम्ही सगळे चपला काढून सर्व्हर रूमच्या दाराशी गेलो. दिग्विजयसाहेबांच्या हातात झेंडूचा हार, मनगटाएवढा जाड. जरिना दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"हार दाराला घाला साहेब," ती म्हणाली. "फोटोला घाला. यंत्राच्या तोंडाला नको."

मागे कुजबुज सुरू झाली. पप्पूशेठ नावाचे एक संचालक आहेत, अंगाने आडवे आणि जिभेने त्याहून. ते मोठ्याने म्हणाले, "आता आमच्या पूजेलापण आडवं यायचं का, जरिनाबाई?"

'आमच्या' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मी ऐकला. शब्दावरचा जोर ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे. जरिनानेही ऐकला. ती आत वळली आणि कपाटामागून एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. झाकण उघडून तिने तो पप्पूशेठपुढे धरला. आत वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्या होत्या, कुंकवाने आणि धुळीने एकमेकींना चिकटलेल्या, डबा गच्च भरून.

"आठ नवम्यांचं आहे," ती म्हणाली. "सगळं याच्या पोटातून मी माझ्या हाताने काढलंय. पूजेचं म्हणून फेकलं नाही. नदीत सोडायला तुम्ही येता का, शेठ?"

पप्पूशेठ डब्याकडे बघत राहिले. डबा त्यांनी घेतला नाही. दिग्विजयसाहेब मध्ये पडले. समजुतीच्या सुरात म्हणाले की ताई, लोकांच्या भावना असतात, हे चालू यंत्र आहे, यावर संस्था चालते. तेव्हा जरिनाने त्यांना खिळ्याला टांगलेली केबल दाखवली. नागपंचमीपासून काढून ठेवली आहे, चौसष्ट दिवस झाले, एकाही डेअरीची हाक आलेली नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. न विचारता? त्यांनी तिथल्या तिथे उंब्रजच्या डेअरीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. पलीकडे बयाबाई होत्या. वीस वर्षं त्या काट्यावर दूध मापतात. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे काही बंद आहे का?

"बंद? न्हाई वो सायेब. सकाळचं दूध घेतलं, फॅट लागली, पावत्या दिल्या. लय झ्याक चाललंय."

साहेब म्हणाले, दादांच्या सर्व्हरची लाइन दोन महिने काढलेली आहे, तरीसुद्धा?

 मग बयाबाई बिचकत म्हणाल्या, "दादा जाऊन नऊ वरसं झाली की, सायेब. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणीतरी हसलं. मला वाटतं तिथेच घोटाळा झाला. साहेबांचं चुकलं होतं ते एक वेळ त्यांनी पचवलं असतं, पण हसू त्यांना झोंबलं. हार त्यांनी कुणाच्या तरी हातात दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की शुक्रवारी सकाळी चावी माझ्या टेबलावर पाहिजे, आणि सोमवारपासून तुम्ही फलटणच्या केंद्रावर. हार शेवटी दाराच्या कडीला लटकला. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ काही जड नसतो, पण त्या दिवशी तो मला उचलवेना.

दसऱ्याचा दिवस आम्ही जरिनाच्या घरीच काढला. अजमलने तिला विचारलं की फलटणला रोज जायचं तर एसटी किती वाजता असते, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून चहा करायला गेला. मी तिला म्हटलं, एवढ्या वर्षांची नोकरी आहे, चावी देऊन टाक, त्या खोलीच्या कटकटीतून तरी सुटशील. म्हातारपणी माणूस असले सल्ले देतो. ती म्हणाली की मावशी, चावीचं दुःख नाही, चावी देईन. पण ज्याला देणार त्याला त्या खोलीत काय आहे हे माहीत नाही. तो सोमवारी तिसरा एसी बसवेल, चौथा बसवेल आणि मधोमध तो रिकामा सर्व्हर तसाच धगधगत राहील.

शुक्रवारी ती मला बरोबर घेऊन गेली. चावी साहेबांच्या टेबलावर ठेवायला गेली नाही, सर्व्हर रूममध्ये जाऊन बसली. अकराच्या सुमारास साहेबच वर आले. एकटेच. हातात बदलीचं पत्र. जरिनाने कमरेचा दोरा सोडला आणि चावी लहानशा टेबलावर, वहीशेजारी ठेवली.

"घ्या साहेब. पण आधी वजन सांगा."

त्यांना कळलं नाही. तिने नीट समजावलं. या खोलीची मुख्य तार ही. हिच्यातून या घडीला किती अँपिअर जातात ते सांगा आणि चावी उचला. तुम्हाला माहीत नसेल तर ज्याच्या हातात ही चावी देणार आहात त्याला विचारा.

मी स्टुलावर बसले होते. मला समोर उंब्रजचं मैदान दिसत होतं, पेटारा दिसत होता.

साहेबांनी पुण्याच्या कन्सल्टंटला फोन लावला. त्याने अहवाल चाळून सांगितलं की एकेचाळीस. जरिनाने टाँग टेस्टर मुख्य तारेला लावला आणि आकडा साहेबांकडे वळवला. सतरा. साहेबांनी डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. तिने मीटर त्यांच्याच हातात दिलं आणि चिमटा कसा उघडायचा ते दाखवलं. त्यांनी स्वतः लावून बघितलं. सतराच. फोनवरचा माणूस अजून काहीतरी समजावत होता. साहेबांनी फोन बंद केला.

मग ती दादांच्या फोटोपुढे उभी राहिली. एक क्षणभर मान खाली घातली, काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. साहेबांना म्हणाली की बंद करायचं तर तुमच्या हाताने करा, मान तुमचा. त्यांनी हात मागे बांधले. तेव्हा तिने स्वतःच स्क्रीनवरून रीतसर, घाई न करता ते यंत्र मिटवलं. एकेक हिरवा ठिपका विझला. पंख्यांचा सूर खाली उतरत उतरत थांबला. तिने मागची विजेची वायर काढली, तिची घडी घातली आणि ती पर्समध्ये टाकली, अगदी चांदसाहेबांनी फ्यूज खिशात टाकला होता तशी. साहेबांच्या हातातल्या मीटरवर चौदा आलं.

आम्ही तिघं तिथेच थांबलो. अर्धा तास गेला असेल. वहीतली पानं उलटून साहेब एकेक आकडा विचारत होते आणि ती सांगत होती. तेवढ्यात भिंतीवरच्या एका एसीची घरघर अचानक थांबली आणि खोलीत अशी शांतता झाली, की साहेब दचकून उठले आणि म्हणाले काय बंद पडलं.

काही नाही, जरिना म्हणाली, खोली गार झालीय, तो दम घेतोय.

साहेब बराच वेळ त्या एसीकडे बघत राहिले. पत्राची घडी त्यांनी खिशात घातली. टेबलावरची चावी बोटाने सरकवून तिच्या बाजूला केली. कुणी कुणाची माफी मागितली नाही आणि ते बरं झालं, कारण नाटकात असे प्रसंग नेहमी लांबतात. दारापर्यंत जाऊन ते थांबले. झेंडूचा हार अजून कडीला होता, दोन दिवसांत सुकलेला. पाठमोरेच राहून त्यांनी विचारलं की परवा मीटिंग आहे, पप्पूशेठ उठून विचारणार, दादांचा सर्व्हर बंद केला कुणी. मी काय नाव सांगू?

जरिना चावी दोऱ्यात ओवत होती. तिने मान वर केली नाही.

"माझं सांगा साहेब. पूर्ण सांगा, जरिना चांदसाहेब. आणि चांदसाहेब गाळू नका."